दीड मीटर

भिंत आमची नाही, त्याचीही नाही.
दोन्ही घरं एकाच अरबाची, भाडं चार चेकांत.
तरी भिंतीला आपलं म्हणायची खोड जात नाही.
आमच्या वेंगुर्ल्यात गडग्याचा एक चिरा सरकला
तर दोन चुलतभाऊ एकवीस वर्षं बोलले नव्हते.
मी त्यांतल्या एकाची मुलगी.

उम्म अल क्वैनमध्ये, खाडीकडच्या गल्लीत,
दाद करीमने फेब्रुवारीत पहिला खांब रोवला.
खांब म्हणजे मोडक्या होडीची डोलकाठी.
मग फळ्या, मग पत्रा,
मग कुठल्याशा दुकानाचा जाहिरातीचा फलक, उलटा,
म्हणजे माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीत दिवसभर
एक बाई, डोकं खाली, टूथपेस्ट वर.
वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर टायर,
आणि सगळ्याच्या माथ्यावर मासे धरायचे तारेचे घुमट,
गरगूर म्हणतात त्यांना,
एकावर एक रचलेले, शिंपल्यांसकट, वासासकट.

पाहुणे विचारायचे, हे काय?
मी म्हणायचे, शेजार.

आधी चकल्या देऊन पाहिल्या.
डबा परत आला तो सुक्या सुरमईने भरून.
रिकामा डबा द्यायचा नसतो, हे बलुच्यांतही असतं तर.
खोपट मात्र तसूभर हललं नाही.
विद्याधर म्हणाला, आपण व्हिसावरची माणसं,
गप बस.
तो सिमेंटच्या फॅक्टरीत जातो, सकाळी पाचला,
त्याला खिडकी नसते.

मग एका दुपारी, म्हातारा समुद्रावर असताना,
मी भिंतीवरून टेप सोडली.
साठ सेंटिमीटर. नियम दीड मीटरचा.
बलदियाला अर्ज लिहिला.
आगीचा धोका, लिहिलं.
दुर्गंधी, लिहिलं.
उंदीर, लिहिलं.
उंदीर मी एकही पाहिला नव्हता.

जुलैत साहेब आला, पांढरा कंदुरा, कोवळी दाढी,
हातातल्या यंत्रातून लाल ठिपका भिंतीवर टाकून
त्याने एका क्षणात मोजलं ते
जे मी टेपने तीनदा मोजलं होतं.
दाद करीम छातीवर हात ठेवून उभा.
कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.

तीन संध्याकाळी लागल्या.
शेवटी ती टूथपेस्टवाली निघाली,
पिकअपमध्ये पहिल्यांदाच सरळ उभी,
आणि मला तेव्हा कळलं की ती हसत होती.

खिडकीत आकाश आलं. खूप आलं.
तीन वाजता ऊन आलं,
भिंतीवरून उतरून सरळ माझ्या कढीपत्त्यावर.
हे चौथं रोप. आधीची तीन
तीन उन्हाळ्यांनी खाल्ली.
हे खांद्याला लागलं होतं,
आणि मी सगळ्यांना सांगत होते,
ताकाचं पाणी घालते मी, ताकाचं पाणी.

पाचव्या दिवशी पानं बोटांत चुरली,
कसुरी मेथीसारखी.

त्याच दिवशी भिंतीवरून टोपी दिसली,
मग डोळे, मग तो सुक्या सुरमईचा हात.
कागद कुणाकडून तरी वाचून घेतला असणार.
शांतपणे विचारलं, जसा भाव विचारतात:
"बाजी, चूहा कितना था?"

मी हातातला पाइप सोडला नाही.
पाणी एकाच जागी पडत राहिलं, खड्डा होईपर्यंत.
टोपी खाली गेली.

आज बलदियाला फोन लावलाय.
अरबीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन.
विचारायचं एवढंच आहे:
कापड बांधकामात धरतात का?
चार काठ्या, एक जुनी चादर,
आमच्या बाजूला, भिंतीला अगदी लागून.
(डोलकाठी त्याच्याकडेच मागावी लागेल.)

बाई म्हणाली, आधीची काही तक्रार असेल
तर क्रमांक सांगा.

पाठ होता मला.