मळ

दर रविवारी मी त्याची मान घासायचे.
आधी काथ्याने, मग वजरीने, मग बेसन-लिंबाने.
"पंधरा वर्षांचा घोडा झालास,
मान धुता येत नाही?"
दुर्वेश ओरडायचा. कातडी लाल व्हायची,
काळा पट्टा तिथेच,
मखमलीसारखा, कॉलरच्या आत,
जिथे दहावीनंतर सोन्याची चेन घालायचं
बापाने कबूल केलं होतं.

शाळेत तपासणी झाली.
सिस्टरने दोन बोटांनी कॉलर खाली केली,
"ताई, हा मळ नाही."
मग रक्त. मग कागद. सहा पूर्णांक दोन.
"अजून आत आली नाही साखर,
पण दारात उभी आहे."

दारात उभ्या माणसाला
आम्ही गूळ-पाणी विचारतो.

घरी येऊन हिशेब मांडला,
लिलावानंतर मांडते तसा, बोटांवर:
चहात बुडवलेल्या चार खाऱ्या,
क्लासला जाताना नाक्यावरची केशरी पुडी,
येताना दुसरी,
आणि बर्फाच्या पेटीत, सुरमईच्या कुशीत
गार झालेली दोन लिटरची बाटली.
ती त्याचा बाप आणतो, ट्रॉलर लागला की.
"आठ दिवस पोराचं तोंड बघितलं नाही," म्हणतो.
बोलता येत नाही त्याला दुसरं काही.

आणि रात्रीचा भात. तो माझा.
दुर्वेश ताटावर हात आडवा धरायचा.
मी तो हात उचलून बाजूला ठेवायचे,
"खा रे झिला, वाढता आंग तुजा."
किती वेळा उचलला असेन
तो हात.

सासऱ्यांचा अंगठा कापला ओरोसला,
आम्ही म्हटलं, वय.
थोरल्या नणंदेला दिसेनासं झालं,
म्हटलं, नशीब.
साखर म्हणजे सासरचं आडनाव,
लग्नात मला फुकट मिळालेलं.
माझ्या रक्ताचं मी
कधी कुणाला विचारलंच नाही.

या रविवारी काथ्या त्याने घेतला.
"वाकव मान."
मी केस वर धरले, उगाच, हसत.
मागे बराच वेळ काहीच नाही.
मग त्याचं बोट, थंड, ओलं,
या कानामागून त्या कानामागे.
"आये, तुजोय मळ जाणा नाय गे."

उद्या सकाळी दोघांना जायचंय रुग्णालयात.
उपाशीपोटी. रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही,
सिस्टरने तीनदा बजावलंय.

बापाला फोन करून सांगितलं, बाटली नको.
तो गप्प. मागे इंजिनाचा आवाज.
"मग काय आणू?"
मलाही सुचेना.
"तू ये," म्हटलं.

साडेदहाला स्वयंपाकघरात अंधारात
डब्याचं झाकण वाजलं.
कुणकेश्वरच्या जत्रेतलं खाजं, तळाशी तीन कांड्या उरलेल्या.
दिवा लागला.
दारात दुर्वेश उभा,
आणि डब्यात हात
माझा.