वकिलात

दोंदे वकिलांचा मी कारकून, मधू पेखळे.
मेहेर सिग्नलकडून आलात तर कोर्टाच्या भिंतीलगत
तिसरं टेबल आमचं,
एका पायाखाली ब्याऐंशीची डायरी घातलेलं.

साहेबांना राजदूत नेमल्याचं पत्र आलं तेव्हा
आम्ही गिरणाऱ्याच्या विहिरीच्या दाव्यात होतो.
भाऊ दोन, विहीर एक, पाळी साडेतीन दिवसांची.
साहेबांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात घातलं
आणि समोरच्या पक्षाच्या थोरल्याला विचारलं,
"मोटर कुणाची? वायर कुणाची? पाणी कुणाचं?"
थोरला म्हणाला, "पाणी आईचं."
जज्जसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं.
तारीख पडली.

बाररूममध्ये पेढे खाता खाता कुणी म्हणालं,
दोंद्यांना कायदा येतो, काटाचमचा येतो का?
मी गप्प राहिलो.
परदेशातल्या त्या कचेरीला आपल्यात वकिलातच म्हणतात,
एवढं मला ठाऊक होतं.
माझा मेहुणा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
रोज गेटवर झडती देऊन घरी येणारा.
तो म्हणाला, "दाजी, तुमचा स्टॅम्पपेपर
आणि साहेबांचा पासपोर्ट, एकाच आवारातला माल."

देशाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
मध्ये एक अक्षर आहे,
द्राक्षाची बी घशात अडकावी तसं.

पत्रं यायची फुलस्केपवर, समास सोडून, अर्जासारखी.
"मधू, इथे दोन मंत्री नदीवरून भांडतात.
मी विचारलं, मोटर कुणाची."
"मधू, चिवडा पोचला. कस्टमने अर्धा खाल्ला,
आवडल्याचं लेखी कळवलं."
"मधू, इथे हरकत ओरडून घेत नाहीत.
हातातला पेला खाली ठेवतात. हळू.
समोरच्याला कळतं."

एकच पत्र बिनसमासाचं.
सुरगाण्याकडचा पोरगा, काशिनाथ गावित,
परातीवरून पडला, नवव्या मजल्याच्या.
"सतरा दिवस मी राजदूत म्हणून फोन केले.
अठराव्या दिवशी वकील म्हणून गेलो,
त्यांच्या कारकुनाच्या टेबलाशी उभा राहिलो,
त्याच्या मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारलं.
तासाभरात सही झाली.
मधू, हे मला सतरा दिवस आधी सुचायला हवं होतं."

मुंबईहून पेटीबरोबर मी गेलो.
बापाने पावतीवर अंगठा दिला
आणि विचारलं, फी किती.
सरकारी काम आहे, म्हणालो.
तरी त्याने नागलीचं अर्धं पोतं गाडीत टाकलं.
घाट उतरताना ते सारखं माझ्या पायावर कलंडत होतं.

सहा वर्षांनी साहेब परत आले.
सनद पुन्हा सुरू करायचा अर्ज मीच टाइप केला.
नावाखाली 'माजी राजदूत' घातलं होतं,
त्यांनी खोडलं, आणि खोडाखोडीवर
नियमाप्रमाणे सही केली.

पहिल्याच आठवड्यात बोर्डावर गिरणाऱ्याची विहीर.
आई गेलेली. आमचा अशीलही गेलेला,
त्याची बायको बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.
मोटर भंगारात. विहिरीला पाणी नाही,
दाव्याला आहे.

साहेबांच्या काळ्या कोटाचं मधलं बटण लागेना.
समोरचा वकील पोरसवदा,
टेबलावर हात आपटून सांगत होता,
बाईंचा हक्कच पोचत नाही, तिचं माहेर बघा, तिची नियत बघा.

जुने दोंदे असते तर छप्पर उडालं असतं.
साहेब पाणी पीत होते.
त्यांनी पेला खाली ठेवला.
हळू.

कोर्टात कुणाला काही कळलं नाही.
जज्जसाहेब कागद उलटत राहिले,
पोरगा बोलत राहिला.
मी मात्र मागच्या बाकावरून अर्धा उठलो होतो.
"हरकत आहे, साहेब. हरकत नोंदवा,"
असं मी म्हणालो म्हणे, मोठ्याने.
शिपायाने मला बाहेर काढलं.

अठरा तारीख पडली आहे.