तांदू

विडी घरकुल, चैत्र, सकाळचे सहा.
बादलीत पाऊल बुडवून शहाबादी फरशीवर ठेवते
आणि बाजूला होते.
उमटलेलं पाऊल सपाट, भाकरीसारखं.
आतल्या अंगाला खाच नाही कुठं.
आई म्हणते, बघून घे लवकर, वाळंल.
वाळलंच.

एकोणीस वर्षं हे पाय
अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात उभे होते,
चेकिंगच्या टेबलाशी, रबरी चपलेत.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, उसवलेली किनार
सगळं माझ्या नजरेत यायचं.
टेबलाखाली काय खचतंय, ते नाही आलं.

त्याआधी रेल्वे कॉलनीतला लाकडी हॉल होता,
हेझल टीचर होत्या, गार्डची मुलगी,
हातात फुटपट्टी, गळ्यात चष्मा.
सोलापुरात बॅले. हसा खुशाल.
आम्ही सहा जणी होतो, टेपरेकॉर्डर एक,
आणि मालगाडी आली की संगीत बंद.
त्या म्हणायच्या, एका पावलात सव्वीस हाडं,
फुकट पगार कोणालाच मिळणार नाही.

आता त्रेचाळिसाव्या वर्षी
सकाळी पलंगावरून उतरले की टाचेत खिळा.
फिजिओ मुजावर मॅडम म्हणाल्या,
खाली टॉवेल अंथरा, पायाच्या बोटांनी गोळा करा.
मी विचारलं, कुठला? तीस बाय साठ? किती ग्रॅमचा?
त्या लिहीत होत्या. वर बघितलं नाही.

तर टॉवेल ओढते.
आमच्याच कारखान्याचा, सेकंड माल, एक कोपरा फिका.
पहिल्या आठवड्यात तो जागचा हलला नाही.
करंगळीला तर माहीतच नव्हतं
की तिलाही काही काम असतं.

मग चिंचोके. बोटांनी उचलून वाटीत टाकायचे.
आई समोर, मांडीवर सूप,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा.
'एन्नी?' ती विचारते.
अकरा.
'माझ्या शंभर झाल्या.'

मग बोटं न मुडपता पाऊल आखूड करायचं:
टाच अंगठ्याच्या मुळाला हाक मारते,
अंगठ्याचं मूळ ऐकून न ऐकल्यासारखं करतं,
आणि मधे कातडीखाली
काहीतरी जरासं उठतं, उंदराएवढं,
की मलाच भास होतो.

रेलेव्हे दाराच्या चौकटीला धरून.
ताल शेजारच्या यंत्रमागाचा, फुकटात.
लाइट गेली की माग थांबतो,
आणि मी चवड्यांवर तशीच, अधांतरी,
खाली यायचं कोणत्या ठोक्यावर ते कळत नाही.
नायना खड्डा मागावर बसायचे
तेव्हा ताल त्यांच्या पायातच होता,
डावी पावडी, उजवी पावडी.
त्यांची पावलं मी कधी नीट पाहिलीच नाहीत,
ती कायम खड्ड्यात असायची.

'हे काय करायलीस?'
तांदू, आई. पाऊल जमीन न सोडता पुढं न्यायचं,
आधी टाच सुटते, मग चवडा, मग नुसतं टोक राहतं.
'तेंदू?'
ती हातातलं पान वर धरते.
'ह्याला रातभर भिजू घालावं लागतंय.
कोरडं वळवलंस की फाटतंय.'
त्या दिवसापासून आधी कोमट पाण्यात पाय,
मग बाकीचं सगळं.

ट्रंकेतले सॅटिनचे बूट चहाच्या रंगाचे झालेत.
नाक कडक आहे अजून. रिबिनी मी बांधून पाहत नाही.
मुजावर मॅडम म्हणतात, एका पायावर पंचवीस रेलेव्हे,
न डगमगता, मग बोलू.
उजवा सोळापर्यंत येतो. डाव्याचं विचारू नका.

काल पुन्हा बादली, पुन्हा फरशी.
आतल्या कडेला कोरडी चंद्रकोर, नखाएवढी.
आई, ये बघायला, वाळेल!
ती आली, गुडघा धरत, वाकून बघितलं,
काही बोलली नाही,
स्वतःचं पाऊल बादलीत बुडवून माझ्याशेजारी ठेवलं.
सत्तर वर्षांची बाई, जन्मभर मांडी घालून बसलेली,
आणि तिच्या पावलाला ही एवढी कमान,
खालून मुंगी सरळ चालत जाईल.

मी बघत राहिले.
ती ओल्या पायांनीच सुपाकडे गेली.