चौथ्या स्लॅबची तारीख

दिघोरी चौकाच्या पुढे, उमरेड रोडला लागून
सात मजली होणार आहे एक व्यापारी संकुल.
आजमितीला चार.
बोर्डावर कारंजं आहे, काचेची लिफ्ट आहे,
आणि लिफ्टच्या जागी
वरपर्यंत गेलेला चौकोनी काळोख.

बँकेनं साडेअकरा कोटी मंजूर केलेत,
पण बँकेचे पाय सदरमध्ये, एसीत, टेबलाखाली असतात.
ती जिना चढत नाही.
म्हणून महिन्यातून एकदा माझे गुडघे भाड्यानं घेते.
मी मोजते, फोटो काढते, आकडा लिहिते,
आणि त्या आकड्याएवढंच कुलूप उघडतं.

एप्रिलची एकोणीस. सकाळी दहालाच
सळईला हात लावायची सोय नाही.
निमजे सुपरवायझर ताकाचा ग्लास घेऊन मागे मागे:
"मॅडम, आता काय पाहून राहिल्या? सारं तेच तर आहे."
सारं तेच नसतं, निमजे.
मागच्या खेपेला सिमेंटच्या तीनशे पिशव्या सांगितल्या होत्या,
आणि पहिल्या ओळीमागे नुसती हवा रचलेली होती.
तेव्हापासून मी थप्पीच्या मागे जाऊन बघते.

खांबावर खडूनं स्लॅबची तारीख: ४ एप्रिल.
म्हणजे पंधरा दिवस, म्हणजे उद्या टेकू काढा,
म्हणजे टप्पा पूर्ण, म्हणजे एक कोटी दहा लाख.
हिशेब चोख.
फक्त चारच्या आधी
एका आकड्याएवढी जागा जरा जास्तच स्वच्छ,
ओल्या अंगठ्यानं पुसल्यासारखी.

वर बिसाहिन पाणी मारत होती. राजनांदगावकडची.
गोणपाटावर पाणी पडायचं
आणि ती वळेस्तोवर वाळायचं.
मी काही खोदून विचारलं नाही,
म्हटलं, किती दिवस झाले गं पाणी मारून?
"पाँचे दिन होय हे, दीदी."
बोटंही दाखवली, पाच,
चुन्या-सिमेंटनं खाल्लेली.

निमजेनं ताकाचा ग्लास या हातातून त्या हातात घेतला.
"दहा दिवसानं काय फरक पडते, जी?"
मी खांबाकडे बघितलं. तो काही बोलणार नव्हता,
त्याची बोलायची वेळ फार नंतर येते,
खाली दुकानं उघडलेली असतात तेव्हा.
"चुकारा अडकते, मॅडम, शनिवारचा. साठ माणसं हायत.
तिचाबी."

हे मात्र खरं होतं.
आणि यासाठी रकाना नव्हता.

मी लिहिलं: चौथा स्लॅब ओतलेला, मुदत बाकी.
काम एकोणचाळीस टक्के, पंचेचाळीस नव्हे.
अठ्ठावीस तारखेआधी टेकू हलवू नयेत.
मग शेऱ्याच्या बोटभर जागेत, समासावर चढत,
साइटवर सतरा टन लोखंड, पावत्या काट्याशी ताडल्या,
तेवढ्यापुरती रक्कम सोडण्यास हरकत नाही.
सदरला हे कुणी वाचेल का, ठाऊक नाही.
समास वाचणारी माणसं तिथं कमी.

खरी तारीख कशावरून कळली,
यापुढे लिहिलं: खांबावरची खडूची खूण.
तेवढंच.

खाली आले तर स्कूटीच्या सीटवर
चौथ्या मजल्यावरून पाणी ठिबकलेलं.
पुसलं नाही, तशीच बसले.
सक्करदरा येईस्तोवर वाळलं.