नखाएवढं चित्र

तेशीच्या किनाऱ्यावर आडोतेईमामाचं दुकान.
दोन पिठाची पोती उसवून, एकाला एक शिवून
त्यावर तो सिनेमा रंगवायचा.
व्हॅन गावोगाव जायची : जनरेटर, टीव्ही,
आणि सगळ्यांच्या पुढे हे पोतं.
सिनेमा त्याने बहुतेकदा पाहिलेलाच नसायचा.
"नवराबायकोचं भांडण आहे," एवढं कोणी सांगितलं
की हा बायकोच्या केसांतून
तीन फण्यांचा साप काढायचा.

आता माझ्या मांडीवर लॅपटॉप,
त्यात आफोलेमावशी धुरावर मासे भाजते आहे.
अकरा मिनिटं. एकही साप नाही.
थांबवत थांबवत मी तिची जांभई शोधली,
जांभईचा आ मोठा केला, झाली किंकाळी.
डोळे थोडे ताणले. भट्टी लालभडक केली.
एक पिवळा बाण, कुठेच न जाणारा.
वर अक्षरं : हे पाहून मी तीन रात्री झोपले नाही!

"मी तर आठलाच पडते," मावशी म्हणाली,
"पहाटे होड्या येईपर्यंत ढाराढूर."

मामाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"केवढं दिसतं हे लोकांना?"
मी अंगठा पुढे केला. "या नखाएवढं."
तो बराच वेळ माझ्या नखाकडे बघत राहिला,
विकायला काढलेली जमीन बघावी तसा.

मग म्हणाला, एकदा एक पोरगा
खेळ संपला तरी बाकावरून उठेना.
सगळे गेले, जनरेटर बंद झाला,
हा म्हणतो, साप अजून यायचाय.
"मग?"
"मग काय. व्हॅनवाल्याने बाक आवरलं."
एवढंच बोलून तो ब्रश धुवायला गेला.
ब्रश धुतलेलाच होता.

मी जांभई काढून टाकली.
चौथ्या मिनिटाला मावशी जाळीवरचा मासा
उघड्या बोटांनी उलटते, झटकन.
करंगळी तेवढी वाकडी राहते,
जुनं भाजलंय तिथे.
तो हात ठेवला. धूर ठेवला.
लिहिलं : मासा कधी उलटायचा, ते करंगळीला कळतं.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस वेळा पाहिलं गेलं.
त्यातली नऊ वेळा मीच.

रात्री बाण परत लावला. खोटं कशाला सांगू.
पिवळाच, तेवढाच ठसठशीत.
फक्त त्याचं टोक
करंगळीवर नेऊन टेकवलं.