सरासरी ज्वाला

वाळूजच्या शेडमध्ये गफूर चाऊस
काळ्या काचेतून ज्वाला बघतात.
मी पार्टिशनच्या अलीकडे, कूलरच्या दमट वाऱ्यात,
तीच ज्वाला गणितातून काढते:
तोंडाशी बारा हजार अंश,
आवाजाला मागे टाकणारा आर्गॉन,
आणि त्यात सोडलेली ॲल्युमिनाची पांढरी पूड.

पडद्यावर ती गाजरासारखी दिसते,
मधे लाल, कडेला निळी.
हलत नाही.
एकूण एक कण वितळतो, लोखंडावर आपटतो,
भाकरीसारखा थापला जातो.
असा माझा रिपोर्ट.

जालन्याच्या मिलचा रोलर होता.
नमुन्याची पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर
थराथरांमध्ये गोल दाणे, जसेच्या तसे.
हुरडा खाताना कोरा दाणा दाताखाली यावा
आणि सगळ्यांनी आगटीवर बसलेल्याकडे बघावं,
तसे सगळे माझ्याकडे.

तीन रात्री गणिताची जाळी बारीक करत गेले.
चौथ्या दिवशी डबा खाताना चाऊस सहज बोलले,
"म्याडम, ती एका जागी बसत नाही.
आतल्या आत उड्या मारते. कानाला कळतं.
हलगीवर टिपरू पडल्यागत."

मी सरासरी काढली होती.
मी, जिच्या गावात सरासरीइतका पाऊस
फक्त पेपरात पडतो.

मग काळ मोकळा सोडला.
विजेच्या कमानीचं मूळ नळीत सरकू दिलं.
एका मिलिसेकंदासाठी मशीन अकरा दिवस चाललं.
तेवढ्यात दोनदा टँकर आला, एकदा वीज गेली,
जनरेटर धरेस्तोवर माझा हात छातीवर;
चाऊसांच्या धाकटीची मंगनी झाली,
मला वाटीभर खुबानीचा मीठा आला.

बाराव्या दिवशी गाजर हललं.
वाकलं, तुटलं, पुन्हा जुळलं.
एक दाणा गाभ्यातून गेला.
त्याच्या मागचा निघाला तेव्हा
ज्वाला जरा बाजूला सरली होती,
तो नुसत्या हवेतून आला, कोराच.

चाऊसांना बोलावलं.
कानावरची टोपणं गळ्यात ओढून
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा पुन्हा लावायला सांगितलं.
मग पडद्याजवळ कान नेला.
"आवाज नाही का हिला?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता.
रोलर गोणपाटात बांधून तयार,
करारात बसतील इतके
कोरे दाणे पोटात घेऊन.