पुसणारा

बालेवाडीच्या हॉलात मी फरशी पुसतो.
फरशी नव्हे, लाकूड, भिंताडे साहेब दरवेळी सुधारतात.
कुणी घसरलं की शिट्टी, घड्याळ थांबतं,
मी फडकं घेऊन धावतो
दोन देशांच्या मधून, वाकून.

उझबेक गोलकीपर आडवा झाला तिथे
त्याचा ओला ठसा उरतो:
खांदा, कोपर, अर्धा गुडघा.
सात सेकंदांत तो नाहीसा करायचा.

चेंडू इथला जड, फार उसळत नाही,
सूसच्या रस्त्यावरच्या कुत्र्यासारखा पायापायात राहतो.

काल शेवटच्या मिनिटाला गोल झाला, छप्पर दणाणलं.
मी पाहिला नाही,
थेंब शोधत होतो.

"कोण जिंकलं?" पोरीनं विचारलं, रात्री, ताट वाढताना.
म्हटलं, फडकं आज दोनदा पिळावं लागलं.